शेजारी कॉन्झर्व्हेटिव्ह आहेत, पण सोशल सिक्युरिटीला हात लावू देत नाहीत

विचारणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेत आणि सध्या न्यू जर्सीत मुलीकडे मुक्कामाला आहेत. शेजारी सत्तरीचे एक प्लंबर राहतात, रोज संध्याकाळी कुंपणापाशी दोघांच्या गप्पा होतात. ‘सरकारनं आमच्या आयुष्यात नाक खुपसू नये’ हे शेजाऱ्यांचं पालुपद. पाचव्या मिनिटाला मात्र ‘यंदा सोशल सिक्युरिटीत तुटपुंजी वाढ दिली, सरकार झोपलंय का?’ असा संताप. (सोशल सिक्युरिटी म्हणजे तिथलं सरकारी निवृत्तिवेतन.) गृहस्थांचे प्रश्न तीन: या माणसाला कोणत्या विचारांचा म्हणायचं, टीव्हीवर रोज येणाऱ्या पोलांतून, म्हणजे जनमत-चाचण्यांतून, अशा माणसाचं मत खरंच कळतं का, आणि या लोकांना आपल्याच देशाचं अर्थकारण कळतं का.

प्रश्नावल्या लिहायच्या, सॅम्पल काढायचं आणि आलेल्या उत्तरांना वेट, म्हणजे कमीजास्त वजन, लावायचं, या कामात माझी बावीस वर्षं गेली. त्यामुळे उत्तर लांबणार हे आधीच सांगून ठेवतो.

तुमचे शेजारी विक्षिप्त नाहीत, अगदी चारचौघांसारखे अमेरिकन आहेत. आम्ही लोकांना ‘तुम्ही स्वतःला काय म्हणवता?’ असं विचारतो, तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह (ढोबळमानानं उजवे) म्हणणारे लिबरल (डावे) म्हणणाऱ्यांपेक्षा नेहमी जास्त निघतात. गॅलप या पोल घेणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या आकड्यांत ३७ टक्के कॉन्झर्व्हेटिव्ह, ३४ टक्के मॉडरेट म्हणजे मधले आणि २५ टक्के लिबरल होते. पण ‘शाळांवर, रस्त्यांवर, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यावर सरकारनं खर्च कमी करावा का?’ असं एकेक नाव घेऊन विचारलं, की हेच लोक नाही म्हणतात. प्यू रिसर्च सेंटर या पाहण्या करणाऱ्या संस्थेनं २०१९ मध्ये अशी तेरा खाती विचारली होती. एकाही खात्याला कात्री लावा असं बहुमत म्हणालं नाही.

हे आजचं नाही. १९६४ साली लॉइड फ्री आणि हॅडली कॅन्ट्रिल या दोघांनी गॅलपच्या यंत्रणेकडून देशभर मुलाखती घेतल्या आणि प्रत्येक माणसाला दोन वेगळ्या फुटपट्ट्या लावल्या. एक तत्त्वाची: केंद्र सरकार राज्यांच्या कारभारात फार ढवळाढवळ करतं का, वगैरे. दुसरी व्यवहाराची: शिक्षणाला केंद्राची मदत हवी का, वृद्धांचा दवाखान्याचा खर्च सरकारनं उचलावा का. पहिल्या पट्टीवर जवळपास निम्मे लोक कॉन्झर्व्हेटिव्ह निघाले, दुसरीवर सुमारे दोन तृतीयांश लिबरल. म्हणजे बरीच माणसं एकाच वेळी दोन्ही होती. साठ वर्षं झाली, राष्ट्राध्यक्ष आले आणि गेले, हा दुहेरीपणा मात्र तसाच आहे.

विद्यार्थी असताना मी फोनवरून मुलाखती घ्यायचो, तेव्हा हे पहिल्यांदा कानांनी ऐकलं. संध्याकाळी पाच ते नऊची पाळी, कानाला हेडसेट, समोर पडद्यावर प्रश्न. जसा लिहिलाय तसाच वाचायचा, आवाजात चढउतार नको, ‘हो ना’, ‘अगदी बरोबर’ असलं काही तोंडून निघता कामा नये. ओहायोतल्या एका खेड्यातल्या बाई होत्या. सरकार मोठं हवं की लहान? ‘लहान. जितकं लहान तितकं बरं.’ मग यादी सुरू झाली. शाळा? वाढवा. माजी सैनिक? वाढवा, लाज वाटली पाहिजे यांना. हमरस्ते? आमच्याकडचा पूल बघा एकदा, वाढवा. मेडिकेअर, म्हणजे वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा? वाढवा. सगळ्यांत शेवटी परदेशांना मदत. बाई इतका वेळ ज्याची वाट पाहत होत्या ते खातं अखेर आलं. ‘बंद करा. तिथेच तर सगळा पैसा जातो!’ मी बटण दाबलं आणि पुढचा प्रश्न वाचला.

पैसा तिथे जात नाही. परदेशी मदत केंद्राच्या खर्चाच्या एका टक्क्याच्या आसपास असते. आरोग्यविषयक पाहण्या करणाऱ्या केएफएफ या संस्थेनं लोकांना अंदाज करायला सांगितला, तर सरासरी उत्तर पंचवीस टक्क्यांच्या वर गेलं. खरा हिशेब तुम्हाला बँकेतले म्हणून सांगतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात केंद्राचा खर्च सुमारे पावणेसात लाख कोटी डॉलर आणि जमा ४.९ लाख कोटी. म्हणजे तूट १.८ लाख कोटींच्या घरात. खर्चात सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, गरिबांचं मेडिकेड, संरक्षण आणि कर्जावरचं व्याज हे पाचच आकडे मिळून दोन तृतीयांशाच्या वर जातात. त्या वर्षी व्याजानं संरक्षणखर्चालाही मागे टाकलं. ज्या खात्यांना हात लावायचा नाही म्हणून लोक एकमुखानं सांगतात, ती खाती म्हणजेच अमेरिकेचं अंदाजपत्रक. उरलेल्यात कितीही काटकसर केली तरी तूट भरून निघत नाही, आणि हे मतदारासमोर उभं राहून सांगण्याची छाती दोन्ही पक्षांत फारशी कोणाकडे नाही.

आता शेजाऱ्यांच्या बाजूनंही थोडं बोलतो, कारण त्यांची चेष्टा करणं सोपं आहे. त्यांच्या डोक्यात सोशल सिक्युरिटी म्हणजे ‘सरकार’ नाहीच. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांच्या पगारातून पैसे कापले गेले (१९९० पासून दर ६.२ टक्के), तेवढेच मालकानं भरले. तो आपलाच पैसा परत मिळतोय असं त्यांना वाटतं. आपल्या पीएफसारखं नावावरचं खातं तिथे नसतं. आज कामावर असलेल्यांच्या कपातीतून आजच्या म्हाताऱ्यांना पैसे जातात. तुमची मुलगी इथे नोकरी करत असेल तर शेजाऱ्यांचे चार डॉलर तिच्याही पगारातून येत असणार. कॉर्नेल विद्यापीठातल्या सुझॅन मेट्लर यांनी २००८ मध्ये लोकांना विचारलं होतं, की तुम्ही कधी एखाद्या सरकारी योजनेचा लाभ घेतलाय का? सोशल सिक्युरिटी घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के म्हणाले, कधीच नाही. घरकर्जाच्या व्याजावर करसवलत घेणाऱ्यांपैकी ६० टक्के तेच म्हणाले. २००९ मध्ये साउथ कॅरोलायनाचे रिपब्लिकन खासदार बॉब इंग्लिस यांच्या सभेत एक मतदार उठून म्हणाला, ‘माझ्या मेडिकेअरपासून सरकारला लांब ठेवा!’ इंग्लिस यांनी समजावलं की अहो, मेडिकेअर सरकारच चालवतं. त्या गृहस्थांना पटलं नाही ते नाहीच.

मतपेटीतही हेच दिसतं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडात ट्रम्प सव्वातीन टक्क्यांनी जिंकले. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर किमान वेतन टप्प्याटप्प्यानं ताशी १५ डॉलर करण्याचा प्रस्ताव होता. त्याला साठ टक्के मतं लागणार होती, ६१ मिळाली. केंद्राचं किमान वेतन तर २००९ पासून ७.२५ डॉलरवरच अडकलंय. २०२४ मध्ये मिझुरीत ट्रम्प अठरा टक्क्यांनी पुढे होते, आणि तिथेही १५ डॉलरचा प्रस्ताव आरामात मंजूर झाला. म्हणून कोणी मला ‘अमेरिका उजवी की डावी?’ असं विचारलं, तर मी आधी विचारतो की प्रश्न काय होता.

तर आता प्रश्नाकडेच वळू. टीव्हीवर दिसतो तो टक्का. त्यामागचं वाक्य कोणी दाखवत नाही, आणि अर्धी गोम तिथे असते. २०१३ मध्ये सीएनबीसी या वाहिनीनं आरोग्यविम्याच्या एकाच कायद्याबद्दल दोन गटांना विचारलं. एका गटाला ‘ओबामाकेअर’ हे नाव सांगितलं, दुसऱ्याला ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’ हे कायद्याचं कागदोपत्री नाव. पहिल्या गटात ४६ टक्के विरोधात होते, दुसऱ्यात ३७. गंमत म्हणजे ‘ओबामाकेअर’ नावानं पाठिंबाही जास्त मिळाला, कारण दुसऱ्या नावाचा कायदा कोणता हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. वारशावरच्या कराचंही तसंच. ‘इस्टेट टॅक्स’ म्हटलं की बड्या धेंडांचा कर वाटतो, ‘डेथ टॅक्स’ म्हटलं की प्रत्येकाला आपली तिरडी दिसते. २०२४ मध्ये १ कोटी ३६ लाख डॉलरच्या आतल्या इस्टेटीला तो लागूच नव्हता. ‘वेल्फेअर’वर, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी योजनांवर, जास्त खर्च करावा का, असं विचारलं तर लोक नाक मुरडतात. ‘गरिबांना मदत’ म्हणून विचारलं तर बहुमत हो म्हणतं. शिकागो विद्यापीठाच्या जनरल सोशल सर्व्हेत हा प्रयोग १९८० च्या दशकापासून चालू आहे आणि निकाल दर खेपेला तोच येतो.

आणि काही लोकांना मतच नसतं, पण विचारल्यावर ‘माहीत नाही’ म्हणायला जीभ धजत नाही. सिनसिनाटी विद्यापीठातले जॉर्ज बिशप आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात ‘१९७५ चा पब्लिक अफेअर्स अ‍ॅक्ट’ रद्द करावा का, असं विचारलं. असा कायदा कधी झालाच नव्हता. तरी जवळपास एक तृतीयांश लोकांनी मत दिलं! मी प्रश्नावली लिहिताना ‘यावर विचार करायला वेळ मिळाला नसेल तर तसं सांगा’ हे वाक्य घालतो. ग्राहकांना ते आवडत नाही. ‘माहीत नाही’चा आकडा फुगतो आणि बातमी फिकी पडते. या वाक्यापायी माझं एक काम गेलंय. नाव सांगत नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य होतं: ‘तेहतीस-चौतीस कोटींच्या देशात हजार लोकांना विचारून काय कळणार?’ शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. भांडं घरचं असो की लग्नातलं पातेलं, एक शीत पुरतं. अट एवढीच की भात नीट ढवळलेला हवा. वरचं शीत मऊ लागलं आणि तळाशी करपलेलं असलं, तर पातेलंभर खाऊनही उपयोग नाही. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी पत्रकं धाडली, तेवीस लाखांच्या वर उत्तरं आली, आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट हरणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून, आणि मंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे होती? शिवाय उत्तर पाठवायची तसदी घेतली ती रागावलेल्यांनी. जॉर्ज गॅलप यांनी त्यामानानं मूठभर लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. पुढे १९४८ मध्ये त्याच गॅलपनी ट्रुमन हरणार म्हणून सांगितलं आणि तोंडघशी पडले. मतदानाच्या आधीच विचारायचं थांबवलं, हे त्यातलं एक कारण.

हजारांच्या चांगल्या सॅम्पलला साधारण तीन टक्के इकडे-तिकडे धरायचे, हे तुम्ही वाचलं असेल. पण ते एका उमेदवाराच्या आकड्यासाठी. दोघांमधलं अंतर घ्यायचं तर ती चूक जवळपास दुप्पट होते. ४८ विरुद्ध ४५ असा पोल आला की टीव्हीवर ‘आघाडी’ म्हणून ओरडतात. माझ्या लेखी ती आघाडी नसते, बरोबरी असते.

पण आमची झोप उडवणारी गोष्ट ही तीन टक्क्यांची नाही. लोक फोन उचलत नाहीत, ही खरी डोकेदुखी. प्यूच्या फोन पाहण्यांत १९९७ मध्ये शंभरातले ३६ जण मुलाखत द्यायचे. २०१२ पर्यंत ते ९ झाले आणि २०१८ मध्ये ६. राहिलेले ९४ या सहांसारखेच आहेत असं मानून चालायचं? चालत नाही, म्हणून वेट लावायचं.

वेट म्हणजे काय ते एकदा हातानं करून बघा. आकडे कल्पित आहेत. हजारांच्या सॅम्पलमध्ये पदवीधर ५५ टक्के आले, पण देशात ते ३६ टक्केच आहेत, कारण शिकलेली माणसं पाहण्यांना जास्त उत्तरं देतात. पदवीधरांत ‘अ’ला ५८ आणि ‘ब’ला ४०, बाकीच्यांत ‘अ’ला ४२ आणि ‘ब’ला ५६. जसंच्या तसं मोजलं तर ‘अ’ ५१ आणि ‘ब’ ४७, म्हणजे ‘अ’ पुढे. पदवीधरांचं वजन घटवून ३६ वर आणलं की ‘अ’ ४८ आणि ‘ब’ ५०. एकाही माणसानं मत बदललं नाही आणि जिंकणारा बदलला. २०१६ मध्ये विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियात बऱ्याच अंशी हेच झालं. तिथले कित्येक राज्यस्तरीय पोल शिक्षणाचं वेट लावतच नव्हते. देशपातळीवरचे पोल खरं तर फारसे चुकले नव्हते. हिलरी क्लिंटन तीनेक टक्क्यांनी पुढे दिसत होत्या, एकूण मतांत दोन टक्क्यांनी पुढे राहिल्याही. पण राष्ट्राध्यक्ष ठरतो इलेक्टोरल कॉलेजमधून, म्हणजे राज्यवार निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांतून, आणि या तीन राज्यांतल्या जेमतेम ७८ हजार मतांनी निकाल फिरवला. आपल्याकडे मतांची टक्केवारी बरोबर येऊनही जागांचा अंदाज फसतो, त्यातलाच हा प्रकार.

वेट जास्त ताणलं तर त्याचंही हसं होतं. त्याच निवडणुकीत लॉस एंजेलिस टाइम्स आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ मिळून एक पोल चालवत होते. त्यात इलिनॉयमधला १९ वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण होता. त्याच्या गटातली माणसं इतकी कमी सापडली होती की त्याला सरासरी माणसाच्या तीसपट वजन मिळालं. तो ट्रम्प यांच्या बाजूचा. तो पाहणीत उत्तर द्यायचा तेव्हा देशाचा आकडा हलायचा.

२०२० मध्ये शिक्षणाचं वेट बहुतेकांनी लावलं, तरी त्या वर्षीचे पोल चाळीस वर्षांत सर्वांत जास्त चुकले. जो बायडन यांची आघाडी जवळपास सगळीकडे फुगलेली होती. आमच्या व्यवसायाच्या संघटनेनं चौकशी समिती नेमली, तिनं पुष्कळ शक्यता खोडून काढल्या, पण अमुकच कारण म्हणून बोट ठेवता आलं नाही. माझा स्वतःचा कौल असा: एकाच वयाच्या, एकाच शिक्षणाच्या दोन माणसांपैकी ज्याचा वृत्तपत्रांवर, विद्यापीठांवर, एकूणच संस्थांवर विश्वास उडालाय तो आमच्याशी बोलत नाही, आणि हा अविश्वास जनगणनेच्या कोणत्याच रकान्यात नसतो. जे रकान्यात नाही त्याचं वेट कसं लावणार? २०२४ मध्ये देशपातळीवर चूक कमी होती, पण आयोवात अ‍ॅन सेल्झर यांच्या शेवटच्या पोलनं कमला हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे दाखवल्या आणि ट्रम्प तेरांनी जिंकले. सेल्झर यांचा हात या धंद्यात सगळे मानायचे. त्या रात्री मी फार वेळ स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

आणखी एक धोका हल्ली वाढलाय, तो म्हणजे स्वस्तातले ऑनलाइन पोल, ज्यांत कोणीही नाव नोंदवून चार पैशांसाठी उत्तरं देतो. प्यूनं अशाच एका पॅनलला विचारलं, तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना आहे का? तिशीच्या आतल्यांपैकी १२ टक्के म्हणाले, आहे. तेव्हा ‘तरुण पिढीचं धक्कादायक मत’ अशी बातमी दिसली की मला आधी या पाणबुड्या आठवतात.

तिसरा प्रश्न अर्थकारणाचा. कळतं का? घरापुरतं उत्तम कळतं, अंदाजपत्रकापुरतं फारसं नाही. पण हे कोणत्या देशात नाही? पगारवाढ झाली तर वरच्या टप्प्यात जाऊन हातात कमी पैसे येतील, असं इथले शिकलेले लोकही म्हणतात. तुम्हाला स्लॅब समजावण्याची गरज नाही. २०२४ मध्ये एकट्या माणसाला ४७,१५० डॉलर करपात्र उत्पन्नापर्यंत वरचा दर १२ टक्के आणि त्यापुढे २२ होता. त्या रेषेवरून हजार डॉलर पुढे गेलात तर त्या हजारांवरच २२० डॉलर, आधीच्या रकमेला धक्का नाही. तूट आणि कर्ज यांतही गल्लत होते. ती सोडून देऊ, तुमच्या बँकेतही खातेदार तीच करत असतील.

महागाईबद्दल मात्र मी लोकांची बाजू घेईन. २०२२ च्या जूनमध्ये महागाईचा दर ९.१ टक्के होता, वर्षभरात तो ३ वर आला. अर्थतज्ज्ञ म्हणाले, महागाई आटोक्यात आली. लोक म्हणाले, कुठे? दोघंही खरं बोलत होते. दर उतरला म्हणजे भाव चढायचा वेग उतरला, भाव खाली आले नाहीत. २०२१ च्या सुरुवातीला ज्या टोपलीला शंभर डॉलर पडायचे तिला २०२४ च्या अखेरीस एकशेवीस पडत होते. पगारही वाढले होते, पण पगारवाढ माणूस स्वतःच्या कर्तृत्वाच्या खाती जमा करतो आणि भाववाढ सरकारच्या. २०२४ च्या एक्झिट पोलमध्ये सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी अर्थव्यवस्था वाईट म्हटली, ती याच टोपलीकडे बघून. व्याजदर ठरवते फेडरल रिझर्व्ह, म्हणजे इथली रिझर्व्ह बँक म्हणा. तिनं मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये दर जवळपास शून्यावरून सव्वापाच ते साडेपाचच्या पट्ट्यात नेला. घरकर्ज महागलं, आणि त्याच्या शिव्या बसल्या व्हाइट हाउसला.

आयातशुल्क हा आणखी एक घोटाळ्याचा विषय. ‘चीनला भरायला लावू’ हे वाक्य सभेत टाळ्या घेतं. बंदरावर शुल्क भरतो तो माल मागवणारा अमेरिकन आयातदार. मग तो बोजा परदेशी कारखानदार, आयातदार, दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात कसा वाटला जातो, हे वस्तूवस्तूनुसार बदलतं. २०१८ च्या सुरुवातीला बाहेरून येणाऱ्या वॉशिंग मशीनवर शुल्क लागलं. फेड आणि शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी भाव तपासले, तर मशीन सुमारे १२ टक्क्यांनी महागली होती, अमेरिकेत बनलेलीही. आणि कपडे वाळवायचे ड्रायरसुद्धा जवळपास तेवढेच महागले, ज्यांच्यावर शुल्क नव्हतंच! इथे दोन्ही यंत्रं जोडीनं घेतात, म्हणून दुकानदारांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. मुलीच्या तळघरात किंवा वरच्या मजल्यावर ती जोडी शेजारी शेजारी उभी असेल, बघा.

या सगळ्यावर पक्षाचा रंग चढतो तो वेगळाच. मिशिगन विद्यापीठ दर महिन्याला लोकांना विचारतं की पुढे दिवस बरे येतील की वाईट. २०१६, २०२० आणि २०२४, तिन्ही निवडणुकांनंतर आकडे आठवड्यांत पालटले. ज्यांचा माणूस जिंकला त्यांना अर्थव्यवस्था एकदम उजळ दिसायला लागली, हरलेल्यांना काळवंडलेली. पगार तेच, दुकानं तीच. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या मायकेल बार्बर आणि जेरेमी पोप यांनी ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत रिपब्लिकन मतदारांना काही धोरणं सांगितली, त्यांत किमान वेतनवाढही होती. ‘ट्रम्प यांचा याला पाठिंबा आहे’ असं जोडलं की मतदार तिकडे झुकायचे, मग धोरण उजवं असो की डावं. ट्रम्प दोन्ही बाजूंची विधानं करून ठेवतात, त्यामुळे प्रयोग करणं सोपं गेलं. डेमोक्रॅट मतदार याला अपवाद आहेत असं समजू नका, नेत्याकडे बघून मत ठरवणारे दोन्हीकडे आहेत.

तुम्ही शेवटी लिहिलंय की मुलीच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘सगळे भारतीय आता ट्रम्पकडे’ अशी चर्चा असते. कार्नेगी संस्थेच्या भारतीय-अमेरिकनांच्या पाहणीत २०२० मध्ये ७२ टक्के बायडन यांच्या बाजूनं होते, २०२४ मध्ये हॅरिस यांच्याकडे ६१. ट्रम्प यांचा आकडा २२ वरून ३२ च्या आसपास गेला. सरकले, पण ‘सगळे’ नाहीत. आणि सॅम्पल सातशेच्या घरातलं, तेव्हा त्यातले मराठी किती, तरुण किती असं खोदायला गेलात तर हाती काही लागणार नाही. शिवाय ग्रुपवर सर्वांत मोठ्यानं बोलणाऱ्यांत एच-वन-बीवाले आणि ग्रीन कार्डवाले किती हे एकदा मोजा. त्यांना मतच नाही.

पोल समोर आला की मी स्वतः आधी टक्का झाकतो. प्रश्नाचं पूर्ण वाक्य शोधतो. मग लोक कसे गाठले ते: पत्त्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडले, की जाहिरात बघून आपणहून आले. मग शिक्षणाचं वेट आहे का. निवडणुकीचा पोल असेल तर नोंदणीकृत मतदार धरलेत की मतदानाला जाण्याची शक्यता असलेले, कारण अध्यक्षीय निवडणुकीतही तिघांतला एक घरीच बसतो. एवढं बघून झाल्यावर टक्का उघडतो, आणि त्याच आठवड्यातल्या बाकीच्या पोलांशेजारी ठेवतो. एकट्या पोलवर मी एक कप चहाचीही पैज लावत नाही.

राहता राहिलं ते मुलीबद्दल. अनोळखी नंबरवरून पाहणीचा फोन आला तर तिनं घ्यावा का, असं विचारलंत. ती नागरिक झाली असेल तर जरूर घ्यावा, आशियाई तरुण बायकांची उत्तरं आम्हाला महाप्रयासानं मिळतात. सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा बँकेचा तपशील कोणी मागितला तर मात्र तो पोल नव्हे, फोन ठेवून द्यायचा. मी स्वतः अनोळखी फोन उचलत नाही, हे कबूल केलेलं बरं. दोनदा उचलला होता. दोन्ही वेळा पहिलाच प्रश्न आला, ‘तुमच्या घरात कोणी सर्वेक्षणाच्या व्यवसायात आहे का?’ मी हो म्हणालो, आणि पलीकडच्या पोरानं अजिबात चढउतार नसलेल्या आवाजात आभार मानून फोन ठेवला.